जुन्या गाडीचा ऑइल कूलर: आधी मोजा, मग उघडा

जुन्या गाडीतल्या ऑइल कूलरकडे, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या भागाकडे, बहुतेकांचं लक्ष जातं ते तो गळायला लागल्यावर. तोवर तो ग्रिलच्या मागे किंवा पंख्याच्या आवरणात बसलेला असतो, आणि त्याची ताकद इतकी हळूहळू कमी होते की मालकाला पत्ताही लागत नाही. मग एखाद्या लांब चढावर तेलाचं तापमान वर जातं, प्रेशरचा काटा खाली येतो आणि पहिला सल्ला मिळतो: मोठा कूलर बसवून टाका. हा सल्ला बऱ्याचदा चुकीचा असतो. मी जे कूलर उघडून, धुऊन, तपासून पुन्हा बसवले, त्यांतले बरेचसे मुळात ठणठणीत होते. कुणाच्या फटींत माती बसलेली होती, तर कुणापर्यंत गरम तेल पोहोचतच नव्हतं. म्हणून या लेखात मोजमापाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. कूलरने तेल तापमानाच्या एका ठरावीक पट्ट्यात राखायचं असतं. बहुतेक जुन्या इंजिनांसाठी चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातलं) तेल ८० ते ११० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असणं चांगलं. साधं मिनरल तेल १२०-१३० अंशांच्या वर राहू लागलं की लवकर खराब होतं. तेलाचं ऑक्सिडेशन दर १० अंशांना साधारण दुपटीने वाढतं, असा ठोकळ नियम आहे. दुसऱ्या बाजूला, तेल कायम ७० अंशांच्या खाली राहिलं तर त्यात मिसळलेलं पाणी आणि न जळालेलं पेट्रोल उडून जात नाही. त्यातून आम्ल आणि गाळ तयार होतो. जुन्या इंजिनाला दोन्ही बाजूंनी धोका आहे.

१. तुमच्या गाडीत कोणता कूलर आहे ते ओळखा

जुन्या गाड्यांत ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला, रेडिएटरच्या पुढे किंवा शेजारी बसवलेला, हवेने थंड होणारा कूलर. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पुढे दिसणारा १३ रांगांचा कूलर हे याचं ओळखीचं उदाहरण. यात चपट्या नळ्यांमधून तेल जातं आणि मधल्या पातळ फिन्समधून (धातूच्या पातळ पट्ट्यांमधून) हवा. इंजिनपासून कूलरपर्यंत दोन लांब होज (लवचिक नळ्या) असतात, आणि त्रास कूलरपेक्षा या होजमध्येच जास्त होतो.

दुसरा, एअर-कूल्ड इंजिनांच्या पंख्याच्या वाऱ्यात बसवलेला. फोक्सवॅगन बीटल आणि सिट्रोएन २सीव्ही यांच्यात असाच कूलर असतो. बीटलच्या जुन्या रचनेत कूलर पंख्याच्या आवरणातच उभा होता, त्यामुळे त्याच्या मागच्या तीन नंबरच्या सिलिंडरला कूलरने तापवलेली हवा मिळायची. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर पुढे सरकवून त्याला स्वतःचा वेगळा हवेचा मार्ग दिला गेला. या रचनेला बीटलवाले 'डॉगहाउस' म्हणतात. तुमच्या इंजिनात कोणती रचना आहे हे सुटे भाग मागवण्याआधी बघा, कारण इंजिनाच्या केसवरची छिद्रंही काळानुसार बदलली आणि कूलरखालची रबरी सील ८ मिमी आणि १० मिमी अशा दोन मापांची येतात. चुकीची सील बसल्यासारखी वाटते आणि इंजिन तापलं की गळते.

तिसरा, पाण्याने थंड होणारा. यात तेल आणि कूलंट एकाच डब्यात वेगवेगळ्या वाटांनी फिरतात. यातली गळती बाहेर दिसत नाही, म्हणून याची लक्षणं पुढे वेगळी दिली आहेत.

काही गाड्यांत एकापेक्षा जास्त कूलर असतात. पोर्श ९११ मध्ये एक कूलर इंजिनवरच असतो आणि अनेक मॉडेल्समध्ये दुसरा पुढच्या उजव्या चाकाच्या मडगार्डमध्ये. पुढचा कूलर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह, उघडल्यावरच कामाला लागतो. असा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, तर कूलर कितीही स्वच्छ केला तरी तापमान उतरणार नाही.

२. कागद आणि हत्यारं आधी जमवा

कागदांमध्ये सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल. त्यातून या गोष्टी एका कागदावर उतरवून घ्या:

- तेलाची एकूण क्षमता, कूलरसह आणि कूलरशिवाय
- गरम इंजिनाला अपेक्षित ऑइल प्रेशर
- थर्मोस्टॅट असेल तर तो कोणत्या तापमानाला उघडतो
- फिटिंग आणि होजच्या आट्यांचं माप, कसण्याचा टॉर्क
- प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) आणि बायपास व्हॉल्व्ह (तेलाला कूलर टाळून जाऊ देणारा) कुठे आहेत

पार्ट्स लिस्टमधलं सुट्या भागांचं चित्रही सोबत ठेवा. वॉशर कुठे आहे आणि कुठे नाही, हे तिथेच कळतं.

हत्यारांमध्ये योग्य मापाच्या पान्यांची जोडी (प्रत्येक सांध्याला दोन पाने लागतात), टॉर्क रेंच, इन्फ्रारेड थर्मामीटर, मास्किंग टेप, मऊ ब्रश, फिन्स सरळ करायची कंगवी, स्वच्छ रॉकेल, धागे न सुटणारी पांढरी फडकी, पसरट ट्रे, उघडी तोंडं बंद करायला टोपण्या, नव्या ओ-रिंग आणि वॉशर. रबरी हातमोजे, चष्मा आणि हाताशी अग्निशामक हवाच. गाडीखाली जायचं असेल तर ती स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही नाही.

३. मोजा

गाडीला तेलाच्या तापमानाचा मीटर असेल, तर त्याचा सेन्सर कुठे आहे ते आधी शोधा. चेंबरमधला सेन्सर इंजिनातून गरम होऊन आलेलं तेल दाखवतो. कूलरनंतर बसवलेला सेन्सर थंड होऊन बेअरिंगकडे निघालेलं. दोन आकड्यांत बराच फरक पडतो, आणि दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करताना घोटाळा इथेच होतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर सोयीचा आहे, पण चकचकीत ॲल्युमिनियम आणि स्टीलवर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. म्हणून कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या फिटिंगवर मास्किंग टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि नेहमी त्याच तुकड्यावर नेम धरा. कोअरचे (कूलरच्या नळ्या आणि फिन्सच्या मुख्य भागाचे) चारही कोपरे काळ्या मॅट रंगाचे असतील तर तिथे थेट मोजता येतं.

आता थंड गाडी सुरू करा. थर्मोस्टॅट असेल, तर इंजिन तापत असताना कूलर बराच वेळ थंडच राहायला हवा. काही थर्मोस्टॅट मुद्दाम थोडं तेल सोडत राहतात, त्यामुळे तो किंचित कोमट होणं ठीक आहे. नंतर नेहमीच्या वेगाने निदान अर्धा तास गाडी चालवा, सुरक्षित जागी थांबवा आणि लगेच आकडे घ्या. उभ्या गाडीत समोरून वारा येत नाही, म्हणून दहा मिनिटांनी घेतलेले आकडे निरुपयोगी. इंजिन चालू ठेवून मोजत असाल तर सैल बाह्या, स्कार्फ, केस पंख्यापासून लांब ठेवा. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

आकड्यांचा अर्थ असा लावा.

आत जाणारं फिटिंग गरम, बाहेर येणारं जवळजवळ तितकंच गरम, आणि चेंबरचं तेलही जास्त तापलेलं: तेल कूलरमधून जातंय, पण उष्णता हवेला मिळत नाही. फिन्स बुजल्या आहेत, फिन्सवर तेल-मातीचा थर आहे, किंवा हवा कूलरला वळसा घालून जाते आहे. याला कूलर उघडावा लागत नाही.

आत जाणारं गरम, बाहेर येणारं खूपच थंड, आणि चेंबरचं तेल तापलेलं: कूलरमधून फार थोडं तेल जातंय. जेवढं जातं तेवढं पुरतं थंड होतं, पण बाकीचं तेल दुसऱ्याच वाटेने फिरतंय. थर्मोस्टॅट अर्धवट उघडलाय, बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा कूलर आतून बुजलाय. नवखी माणसं इथे फसतात. दोन टोकांतला मोठा फरक बघून कूलर उत्तम चाललाय असं समजतात.

दोन्ही फिटिंग थंड, तेल मात्र तापलेलं: कूलरकडे तेल येतच नाही. आधी थर्मोस्टॅट बघा.

कोअरवर एक कोपरा थंड आणि बाकी भाग गरम: त्या भागात आतून अडथळा आहे, किंवा कूलर अशा रीतीने बसवलाय की वरच्या भागात हवा अडकली आहे.

दोन टोकांत चांगला फरक, कोअर सगळीकडे सारखा गरम, तरीही तेल तापतंय: कूलर आपलं काम करतोय. दोष इंजिनात शोधा.

हे आकडे तारीख, बाहेरचं तापमान आणि रस्त्याच्या प्रकारासह वहीत लिहा. पुढच्या वर्षी तुलना करायला तुमच्याकडे तुमच्याच गाडीचे आकडे असतील, आणि ते कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

४. इंजिनाकडचे दोष आधी काढा

इग्निशन टायमिंग मागे असेल किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल, तर इंजिन जास्त तापतं आणि तेलही. तेलाची पातळी कमी असेल तर तेच थोडं तेल पुन्हा पुन्हा फिरतं आणि त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही. पातळी जास्त असेल तर क्रँकशाफ्ट तेल घुसळून त्यात हवा भरते. फेसाळलेलं तेल ना नीट वंगण देतं, ना नीट थंड होतं. डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये म्हणजे मध्येच.

एअर-कूल्ड गाड्यांमध्ये इंजिनाभोवतीचे पत्रे आणि इंजिन-बेच्या कडेची रबरी पट्टी मूळ जागी आहे का बघा. बीटलच्या इंजिनाचं काम करताना हे पत्रे काढून 'नंतर लावू' म्हणून बाजूला ठेवले जातात. ते नसले की खालची तापलेली हवा वर येते, पंखा तीच पुन्हा ओढतो आणि कूलरवर गरम हवेचाच मारा होतो. फॅन बेल्टचा ताणही याच वेळी तपासा.

रिलीफ व्हॉल्व्हकडे मात्र सावकाश बघा. बीटलमध्ये तेल थंड आणि घट्ट असताना प्रेशर वाढतं, व्हॉल्व्हचा प्लंजर सरकतो आणि तेल कूलरला टाळून थेट बेअरिंगकडे जातं. ही सोय कूलर फुटू नये म्हणून आहे. प्लंजर त्याच अवस्थेत अडकून राहिला, तर गरम तेलही कूलरला टाळतं. प्लंजर बाहेर काढा, त्यावर ओरखडे आहेत का बघा, तो आपल्या वजनाने भोकातून खाली-वर सरकायला हवा. स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडा. स्प्रिंग ओढून लांब करण्याचा किंवा तिच्याखाली वॉशर घालण्याचा जुगाड करू नका. थंड सुरुवातीला वाढणारं प्रेशर मग सरळ कूलरवर येतं.

५. बाहेरून सफाई

कूलर जागेवर असतानाच हे काम बरंचसं होतं. आधी कोरडा कचरा काढा: पानं, किडे, पिसं, कुंभारमाशीची मातीची घरं. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत उंदराचं घरटंही सापडतं. २सीव्हीसारख्या गाडीत कूलर पंख्याच्या मागे असल्याने सगळा केरकचरा थेट त्यावर येऊन बसतो आणि पुढून बघताना दिसत नाही.

तेलकट थर असेल तर ॲल्युमिनियमला चालणारं डिग्रीझर मारून थोडा वेळ थांबा. मग मागच्या बाजूने पुढे, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दिशेच्या उलट, हलक्या दाबाने पाणी सोडा. मऊ ब्रश फिन्सच्या दिशेनेच फिरवा. वाकलेल्या फिन्स कंगवीने हळूच सरळ करा.

इथे तीन धोके आहेत. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पातळ फिन्स एका झटक्यात आडव्या होतात आणि इतक्या आडव्या झालेल्या फिन्स कंगवीनेही पूर्ववत होणं कठीण असतं. कॉस्टिक सोडा असलेलं क्लीनर ॲल्युमिनियम खातं. रेडिएटर उकळून साफ करणाऱ्या काही ठिकाणी हेच द्रावण असतं, पितळी रेडिएटरला ते चालतं म्हणून तुमचा कूलरही तिथे टाकतील, तेव्हा धातू कोणता ते आधी सांगा. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर वेल्डिंग किंवा ज्योत कधीही लावू नका, त्यातून अतिशय विषारी वायू तयार होतो.

सफाईनंतर रंग द्यायचाच असेल तर रेडिएटरसाठीचा काळा मॅट रंग, एकच पातळ हात. जाड चकचकीत रंग उष्णता अडवतो. स्वच्छ कूलरला रंगाची गरज नसते.

मग हवेची वाट बघा. हवा नेहमी सोपी वाट धरते. ग्रिल आणि कूलर यांच्या मधल्या फटी मूळ रबराने किंवा पातळ पत्र्याने बंद केल्या, तर जी हवा बाजूने निसटत होती ती कूलरमधून जाऊ लागते. ग्रिलपुढे लावलेले जादा दिवे आणि बॅज किती हवा अडवतात तेही एकदा बघा. हौसेने लावलेल्या दोन मोठ्या दिव्यांपायी निम्मा कूलर झाकलेला मी पाहिला आहे.

६. कूलर काढणं

इंजिन कोमट असताना तेल काढा. तापलेलं तेल भाजतं, थंड तेल नीट निघत नाही. कूलर आणि होजमध्ये तेल उरतंच, म्हणून ट्रे खाली ठेवूनच सांधे सोडवा.

सांधा सोडवताना एका पान्याने कूलरचं फिटिंग धरा आणि दुसऱ्याने होजचा नट फिरवा. एकट्या पान्याने जोर लावलात तर फिटिंगच्या बुडाशी पातळ ॲल्युमिनियम पिळलं जातं आणि तिथे तडा जातो. जुन्या कूलरची सर्वांत जास्त हानी अशीच होते. सांधा जाम असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा.

होजवर आत आणि बाहेर अशा खुणा करा, सगळी उघडी तोंडं लगेच टोपणांनी बंद करा आणि माउंटिंगची रबरं वेगळी ठेवा. ती कडक झाली असतील तर नवीन घ्या. रबर मेलं की इंजिनाची थरथर थेट कूलरच्या कोअरपर्यंत पोहोचते आणि जोड उलतात.

७. आतली सफाई

आधी कूलरमधलं उरलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओता आणि उन्हात बघा. काळं पण गुळगुळीत असेल तर नेहमीचंच. चमकणारे कण असतील तर थांबा.

इंजिनाचं बेअरिंग गेलं असेल किंवा पिस्टन मोडला असेल, तर त्या इंजिनाचा कूलर पुन्हा वापरू नका. कूलरच्या नळ्यांत तेल घुसळण्यासाठी नागमोडी पट्ट्या असतात, त्यांत धातूचे कण अडकतात. रॉकेल, अल्ट्रासॉनिक टाकी, उलट दिशेने धुणं, काहीही केलं तरी सगळे कण निघाल्याची खात्री देता येत नाही. उरलेले कण नव्या इंजिनात सुटतात, आणि कूलर फिल्टरनंतर जोडलेला असेल तर ते थेट बेअरिंगवर जातात. एवढा खर्च करून बांधलेल्या इंजिनासाठी नवा कूलर घेणं हा एकच शहाणपणाचा मार्ग आहे. होजही बदला.

कण नसतील, नुसता गाळ असेल, तर असं करा. कूलर एक तृतीयांश रॉकेलने भरा, तोंडं बंद करा, सगळ्या बाजूंनी हलवा, काही तास ठेवा, पुन्हा हलवा आणि बाहेर येण्याच्या तोंडाऐवजी आत जाण्याच्या तोंडातून ओता, म्हणजे गाळ आला त्या वाटेने परत निघेल. ओतलेलं रॉकेल दर वेळी पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर काही उरत नाही तोवर हे करत राहा. पण धीर धरा; पहिल्या दोन-तीन वेळा काहीच निघालं नाही तरी थांबू नका, मग एकदम काळा गाळ सुटू शकतो. रॉकेलऐवजी पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ खोलीभर पसरून दूरच्या ठिणगीनेही पेटते.

शेवटी कूलर तोंडं खाली करून रात्रभर निथळू द्या, हलक्या दाबाची हवा सोडा आणि स्वच्छ इंजिन ऑइल ओतून फिरवून काढून टाका. आत राहिलेलं रॉकेल नवं तेल पातळ करतं. धुण्याचं रॉकेल आणि वापरलेलं तेल वेगवेगळ्या डब्यांत साठवा आणि जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या; गटारात किंवा मातीत नाही.

बरीच वर्षं डिटर्जंट नसलेल्या तेलावर चाललेल्या इंजिनात अचानक आधुनिक डिटर्जंट तेल घातलं, तर इंजिनात साचलेला गाळ सुटून फिल्टर आणि कूलर बुजवू शकतो. असं इंजिन हाती आलं असेल तर आधी चेंबर उघडून साफ करा, आणि बदलानंतरचं पहिलं तेल व फिल्टर लवकर बदला.

८. गळती तपासणं

कूलरचं एक तोंड घट्ट बंद करा, दुसऱ्यातून २ बारच्या आसपास हवा सोडा, पाण्यात बुडवा आणि बुडबुडे बघा. यापेक्षा जास्त दाबाची हवा घरी भरू नका. दाबलेली हवा कूलर फुटल्यावर तुकडे उडवते. इंजिनाच्या खऱ्या प्रेशरइतकी चाचणी वर्कशॉपमध्ये, द्रव भरून करून घ्या.

ॲल्युमिनियमच्या कोअरवर गळती दिसली तर इपॉक्सी लावून चालवू नका. फिटिंगच्या बुडाशी झालेला तडा चांगला वेल्डर भरू शकतो, पण कोअरमधल्या नळीची दुरुस्ती सहसा टिकत नाही. रेडिएटरची गळती थांबवणाऱ्या पावडरी आणि द्रवं तेलाच्या मार्गात अजिबात नकोत.

पाण्याने थंड होणाऱ्या कूलरची लक्षणं अशी: इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर कूलंटपेक्षा जास्त असतं, म्हणून आतला पडदा फुटला की आधी कूलंटमध्ये तेल दिसतं. इंजिन बंद केल्यावर तेलाचं प्रेशर शून्यावर येतं आणि गरम कूलंट अजून दाबाखाली असतं, तेव्हा पाणी उलट तेलात शिरतं. एक्स्पान्शन टाकीत तेलाचा तवंग आणि डिपस्टिकवर दुधाळ तेल, दोन्ही मिळून दिसले तर गाडी चालवणं थांबवा. हेड गॅस्केटही अशीच लक्षणं दाखवतं, म्हणून कूलर सोडवून वेगळा तपासा. नुसत्या ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल तर तो छोट्या फेऱ्यांमुळे साचलेला ओलावाही असू शकतो.

९. होज आणि आटे

कूलर गळला तर थेंब पडतात. होज फुटला तर काही क्षणांत चेंबर रिकामं होतं आणि तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर उडून आग लागू शकते. म्हणून होजच्या बाबतीत मी कठोर आहे. वाकवल्यावर भेगा दिसल्या, कडक झाला, फुगवटा आला किंवा टोकाशी ओलसर असला, की बदला. त्याचं वय माहीत नसेल तरीही बदला.

होज गरम तेलासाठी आणि इंजिनाच्या प्रेशरसाठी बनवलेलाच हवा. हीटरचा रबरी पाइप स्क्रू-क्लिपने आवळून तेलाच्या प्रेशर लाइनला लावलेला दिसला, तर गाडी तिथेच उभी करा. स्टीलच्या जाळीचा होज दिसायला सुंदर, पण ती जाळी ज्या पत्र्याला किंवा पाइपला घासते तो कापून काढते. घासण्याच्या जागी रबरी आवरण घाला.

आट्यांचा सापळा सर्वांत फसवा आहे. ब्रिटिश कूलरवर बहुधा अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पाइपच्या मापाचे) आटे असतात, आणि बाजारात मिळणाऱ्या अनेक फिटिंगवर ७/८ इंच यूएनएफ (अमेरिकी मापाचे बारीक आटे). दोन्हींमध्ये इंचाला १४ आटे. पण बीएसपीचा व्यास जवळपास २१ मिमी आणि यूएनएफचा २२ मिमीच्या थोडा वर, आणि आट्यांचे कोन अनुक्रमे ५५ आणि ६० अंश. त्यामुळे बीएसपीच्या नळीवर यूएनएफचा नट चढतो, आटे धरल्यासारखे वाटतात आणि पहिल्या थंड सुरुवातीच्या प्रेशरला सांधा निसटतो. जर्मन गाड्यांवर मेट्रिक आटे असतात, तेही पहिले दोन-तीन वेटोळे खोटे चढतात. व्हर्नियर आणि थ्रेड गेज लावून बघितल्याशिवाय एकही नवं फिटिंग कसू नका. हाताने शेवटपर्यंत सहज न चढणारं फिटिंग चुकीचं समजा.

सांध्यावर टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन लावू नका. कोन आणि ओ-रिंगचे सांधे धातूवर किंवा ओ-रिंगवर बंद होतात, आट्यांवर नाही. टेपचा सुटलेला तुकडा तेलाच्या बारीक छिद्रात अडकतो.

१०. जोडणी आणि पहिली सुरुवात

कूलर शक्यतो तोंडं वर करून बसवा, म्हणजे हवा आपोआप बाहेर पडते. आडवा बसवायचा असेल तर तेल खालच्या तोंडातून आत आणि वरच्यातून बाहेर. तोंडं खाली करून बसवणं टाळा.

जोडण्याआधी कूलर स्वच्छ तेलाने भरा. ओ-रिंगला तेल लावा, नव्या वॉशर घाला, दोन पान्यांनी कसा आणि टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या. मग ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची लो-टेन्शन वायर काढा, सगळे स्पार्क प्लग काढा आणि स्टार्टरने इंजिन थोडं थोडं फिरवा, मध्ये स्टार्टरला विश्रांती द्या. प्रेशरचा काटा वर आल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. कोरड्या बेअरिंगवर सुरू झालेलं इंजिन काही सेकंदांत खराब होतं.

प्लग आणि वायर लावून इंजिन सुरू करा आणि आयडलवर ठेवा. थंड तेल घट्ट असतं आणि प्रेशर वाढलेलं असतं, या वेळी ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे जुन्या कूलरची परीक्षा बघणं. टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघा, कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा बघा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गाडी चालवून आणा, कारण तोवर कूलरमध्ये तेल फिरलेलं नसतं. परत आल्यावर सांधे आणि पातळी दोन्ही तपासा. पातळी थोडी उतरलेली असेल. ९११ सारख्या ड्राय-सम्प गाडीत (जिथे तेल इंजिनाखाली न साठता वेगळ्या टाकीत राहतं) पातळी सपाट जागी, इंजिन गरम आणि आयडलवर चालू असतानाच बघायची. थंड इंजिनाची डिपस्टिक बघून तेल ओतलं तर ते हमखास जास्त होतं.

पुढे नेहमीच्या तेलबदलाच्या वेळी लक्षात ठेवा: कूलरमधलं तेल निघत नाही, त्यामुळे मॅन्युअलमधली एकूण क्षमता एकदम ओतू नका. थोडं कमी घाला, इंजिन चालवा, मग डिपस्टिक बघून भर घाला.

११. तेल जास्त थंड राहत असेल तर

थंड हवेत किंवा छोट्या फेऱ्यांत तेल ७०-८० अंशांपर्यंतही पोहोचत नसेल, आणि गाडीत थर्मोस्टॅट नसेल, तर फिल्टरच्या बुडाशी बसणारा थर्मोस्टॅटिक अडॉप्टर लावता येतो. बहुतेक अडॉप्टर ८० अंशांच्या आसपास उघडतात. मूळ रचनेला हात लावायचा नसेल तर थंडीत कूलरपुढे निम्मा भाग झाकणारी पट्टी लावा आणि उन्हाळ्याआधी काढा. ती लावल्याची चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवून ठेवा. मोठा कूलर बसवणारे लोक ही बाजू विसरतात.

१२. वर्षभराचं वेळापत्रक

दर फेरीनंतर गाडीखाली एक नजर. दर तेलबदलाला सांधे, होज, माउंटिंगची रबरं आणि फिन्स. वर्षातून एकदा, हवा साधारण सारखी असताना, तिसऱ्या पायरीतलं मोजमाप आणि वहीत नोंद. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर आधी तेल बदला, कारण वापरलेल्या तेलातलं आम्ल आणि पाणी उभ्या इंजिनात आणि कूलरमध्ये गंज लावतं. ग्रिलच्या मागे उंदीर जाणार नाही अशी बारीक जाळी लावा, आणि गाडी पुन्हा बाहेर काढाल तेव्हा आधी ती जाळी काढा, मग किल्ली फिरवा.